गाजराची पारख

मराठी भाषेनें ज्या निरपराध वस्तूंची विनाकारण अप्रतिष्ठा केली आहे, त्यांत गाजराचा क्रम बराच वर लागेल. ज्याला माणिक आणि कांच यांची निवड करतां येत नाहीं, ज्याला गवई आणि कोकलणारा दोघेहि सारखेच, अशा गृहस्थाला आपण 'गाजरपारखी' म्हणतों. गाजराची परीक्षा ती काय करावयाची, आणि ती करीत बसणारा शहाणा तो कसला, असा या शब्दाचा आशय. 'गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, नाहीं तर मोडून खाल्ली' ही म्हण त्या मानानें अधिक न्यायी आहे; कारण ही वस्तु शेवटीं खाण्याच्या योग्यतेची आहे एवढें तरी ती कबूल करते. इंग्रजीच्या सहवासानें अलीकडे 'गाजर दाखविणें' हा आणखी एक प्रयोग रूढ झाला आहे, आणि त्यांत तर बिचारें गाजर केवळ लबाडीचें साधन ठरलें आहे.

आमचें म्हणणें याच्या उलट आहे. गाजराची पारख ही मुळींच सोपी गोष्ट नाहीं. स्मृतिकारांच्या भाष्यकारांपासून तों लढाईंतल्या प्रचारखात्यापर्यंत आणि तेथून मधुमेहाच्या तज्ज्ञांपर्यंत अनेक थोरांनीं ती करून पाहिली, आणि बहुतेकांचा निर्णय पुढें फिरवावा लागला. आज नाशिकसारख्या शहरांत सकाळीं फिरावयास निघणाऱ्या मंडळींमध्यें गाजराच्या रसाला माहात्म्य आलें आहे; वजन उतरविण्याच्या खटपटींत असलेल्या मनुष्याच्या ताटांत तें औषधाच्या श्रद्धेनें वाढलें जातें; आणि त्याच घरांतील मधुमेही आजोबांच्या ताटांतून तें विषासारखें काढूनहि घेतलें जातें. एकाच मुळाविषयीं एकाच घरांत इतकी भक्ति आणि इतकी भीति नांदते, तेव्हां तिचा इतिहास एकदां नीट पाहणें जरूर आहे.

प्रथम नांवाचा घोटाळा निस्तरला पाहिजे, आणि त्याला नाशिकासारखें योग्य ठिकाण नाहीं. पंचवटींत प्रभु रामचंद्रांनीं कंदमुळांवर दिवस काढले, ही श्रद्धा या क्षेत्राच्या हाडीं-मांसीं खिळलेली आहे. अशा तीर्थाच्या ठिकाणीं मृदंगाएवढें एक तांबूस सालीचें, आंतून पांढरें लांकूड पुढें ठेवून त्याच्या कागदासारख्या पातळ चकत्या 'रामकंदमूळ' म्हणून विकणारे लोक वाचकांनीं पाहिले असतीलच. चकती थंड व किंचित् गोड लागते आणि भाविकाला ती खाऊन समाधान होतें. वनस्पतिशास्त्रज्ञांनीं तिची परीक्षा केली तेव्हां ती कोणत्याहि कंदाची नसून घायपाताच्या वर्गांतील झाडाच्या खोडाची आहे असें निघालें. आणि हा वर्ग मूळचा अमेरिकेंतला. कोलंबसाच्या सफरीपूर्वीं जें झाड या देशांत असणें शक्य नव्हतें, त्याचें खोड आपण त्रेतायुगाच्या नांवावर चघळतों. भक्तीला यानें बाध येतो असें आम्हांस वाटत नाहीं. पण नांव जुनें म्हणून वस्तुहि जुनीच असें धरून चालणारानें हें उदाहरण ध्यानांत ठेवावें.

गाजराची हकीकत नेमकी हीच आहे. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत द्विजांना वर्ज्य अशा पदार्थांची जी यादी आहे, तींत लसूण, गृंजन, पलांडु आणि कवक हीं शेजारीं शेजारीं बसलेलीं आहेत. पलांडु म्हणजे कांदा आणि कवक म्हणजे अळंबें, याबद्दल वाद नाहीं. गृंजन म्हणजे काय याबद्दल मात्र टीकाकारांत एकमत नाहीं. कोणी तो लसणीसारखा एक कंद मानतात, कोणी सलगम म्हणतात, कोणी गाजर. चरकसंहितेंत गृंजनकाचा उल्लेख आहे. तें तीक्ष्ण असून वात, कफ आणि मूळव्याध यांवर हितकर आहे असें तेथें सांगितलें आहे. सोळाव्या शतकांतील भावमिश्रानें आपल्या ग्रंथांत गाजर आणि गृंजन हीं एकाच वस्तूचीं नांवें म्हणून दिलीं, तिचा नारिंगी वर्णहि नोंदविला, आणि ती पचावयास हलकी व अग्निदीपक ठरविली. येथपर्यंत येतां येतां घोटाळा पक्का झाला होता. कारण भावमिश्राच्या समोर असलेली वस्तु आणि मनूच्या मनांतली वस्तु एकच होती असें मानण्यास आधार फार थोडा आहे.

लागवडीचें गाजर हें त्या मानानें अर्वाचीन आहे. रानटी गाजराच्या मुळ्या पांढऱ्या, बारीक आणि काष्ठमय असतात. ग्रीक-रोमन वैद्यांना तें झाड माहीत होतें, पण त्यांचें लक्ष त्याच्या बियांकडे व औषधी गुणांकडे अधिक होतें. आपण ज्याला गाजर म्हणतों तें मांसल, गोड मूळ इराण-अफगाणिस्तानच्या पट्ट्यांत इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या सुमारास माणसानें घडविलें, असें आजच्या विद्वानांचें सर्वसाधारण मत आहे. तें प्रथम जांभळें आणि पिंवळें होतें. तेथून अरबांच्या हातीं तें पश्चिमेस गेलें, बाराव्या शतकांत स्पेनमध्यें त्याची लागवड होत असल्याची नोंद आहे. पूर्वेकडे तें हिंदुस्थानांत व पुढें चीनमध्यें गेलें. फारसी 'गझर', अरबी 'जझर' आणि आपलें 'गाजर' यांचें नातें सांगावयास भाषापंडित नको. आज जें नारिंगी गाजर सर्व जगांत गाजराचें खरें रूप समजलें जातें, तें तर हॉलंडांतील माळ्यांनीं सोळाव्या-सतराव्या शतकांत निवडून निवडून स्थिर केलें. तेथील ऑरेंज राजघराण्याच्या सन्मानार्थ केलें असें म्हणतात, पण त्या गोष्टीला पुरावा नाहीं. मनुस्मृतीचा काळ इसवी सनाच्या अलीकडे-पलीकडे दोनशें वर्षांचा धरतात. म्हणजे स्मृतीनें ज्याला वर्ज्य ठरविलें तें कांहींहि असो, आपल्या बाजारांतलें गाजर तें नव्हे. पांडवलेण्यांतील उषवदाताच्या शिलालेखांत नारळाच्या हजारों झाडांचें दान नोंदलेलें आहे. त्या काळच्या नाशिककराला नारळ ठाऊक होता, गाजर दाखविलें असतें तर त्यानें नांव विचारलें असतें.

या घोटाळ्याचा आणखी एक विनोद नाशिक जिल्ह्यानेंच दाखवून दिला आहे. ज्या यादींत गृंजन, त्याच यादींत पलांडु; आणि लासलगांवची कांद्याची बाजारपेठ आज आशिया खंडांतील मोठ्यांत मोठ्या पेठांत मोडते. निफाड, चांदवड, येवलें, कळवण या तालुक्यांतील संसार कांद्याच्या भावावर उभे राहतात आणि कोसळतात. तरी त्याच घरांत सणावारीं नैवेद्याच्या पानांत कांदा चालत नाहीं. गाजर मात्र चालतें. चालतें एवढेंच नव्हे, तर वर्षांतील एका दिवशीं त्यावांचून अडतें. एकाच यादींतील दोन आरोपींपैकीं एकाची शिक्षा कायम राहिली आणि दुसऱ्याची रद्द झाली. आणि ती कोणा शास्त्र्यानें निर्णय देऊन रद्द केली नाहीं. ती बायकांनीं सुगडांत गाजर घालून रद्द केली.

संक्रांतीच्या आदल्या दिवसास भोगी म्हणतात. त्या दिवशीं आमच्याकडे जी मिसळीची भाजी होते तिच्यांत हरभऱ्याचे कोंवळे दाणे, घेवडा, वांगें, पावट्याचे दाणे, शेंगदाणे, बोर, उंसाचा करवा आणि गाजर असतें. वर तिळाचा कूट, आणि बरोबर तीळ लावलेली बाजरीची भाकरी व लोणी. दुसऱ्या दिवशीं सुगडें पुजतात. त्या मातीच्या लहान बोळक्यांत उंसाचे तुकडे, बोरें, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या, तिळगूळ आणि गाजराचे तुकडे भरून सुवासिनी एकमेकींना वाण देतात. परदेशांतून आलेलें, नांवानें संशयित, कुळाचा पत्ता नसलेलें हें मूळ या मंडळींत कधीं येऊन बसलें, याची तिथि कोणत्याहि बखरींत सांपडावयाची नाहीं. पण कां बसलें तें उघड आहे. पौष महिन्यांत बागाइतांत जें निघतें तें सुगडांत जातें. ज्यांच्या हातीं सुगडें होतीं त्यांनीं ग्रंथ पाहिला नाहीं, मळा पाहिला.

आणि मळ्यांत त्या दिवसांत गाजर उत्तमच असतें. हें थंडीचें पीक आहे. पंधरा ते वीस अंशांच्या हवेंत त्याला रंग आणि गोडी चढते, आणि नाशिकचा हिंवाळा, विशेषतः ज्या निफाडचा पारा महाराष्ट्रांत नीचांकासाठीं प्रसिद्ध आहे तेथील हिंवाळा, त्याला मानवतो. मोकळी, खोल, दगडगोटे नसलेली जमीन आणि नेमाचें पाणी लागतें. म्हणून तें जिराइताचें पीक नव्हे. विहिरीवरच्या मोटेचें, किंवा बागलाणाकडे मोसम-आरमच्या बंधाऱ्यांवरून फडपद्धतीनें वांटून घेतलेल्या पाटाचें पाणी जेथें पोंचलें, तेथेंच असा भाजीपाला व्हावयाचा. दख्खनच्या जुन्या गॅझेटियरांत गाजराविषयीं एक मजेची माहिती आहे: त्याच्या चकत्या उन्हांत वाळवून ठेवीत, त्यांस 'उसरी' म्हणत, त्या पांच-सहा महिने टिकत आणि खाण्यापूर्वीं उकडाव्या लागत. आतां ही उसरी आमच्या घरांतून नाहींशी झाली आहे. बाजारांत बारमहा गाजर मिळूं लागल्यावर वाळवील कोण? नारिंगी विलायती गाजराला फुलावर येण्यासाठीं कडक थंडी लागते, म्हणून त्याचें बीं डोंगराळ मुलखांत धरावें लागतें. लाल देशी गाजर मैदानांतच बियांस येतें. या दोहोंचा संकर करून दिल्लीच्या कृषिसंशोधन संस्थेनें 'पुसा केशर' ही जात काढली. गोदाकांठच्या बुधवारच्या बाजारांत हिंवाळ्यांत लाल व नारिंगी हे दोन्ही वंश शेजारीं शेजारीं मांडलेले दिसतात, आणि गिऱ्हाईक बोटानें दाबून, शेंडा मोडून, मधला दांडा जाड कीं बारीक हें पाहून निवड करतें. गाजराची पारख होत नाहीं असें ज्यानें म्हटलें तो भाजी आणावयास कधीं गेला नसावा.

वैद्यकाकडे वळतांना स्थूलतेचा प्रश्न प्रथम घेऊं, कारण आजच्या वाचकाला तोच जवळचा. चरकाच्या सूत्रस्थानांत एकविसावा अध्याय निंद्य मानलेल्या आठ प्रकारच्या देहांविषयीं आहे. त्यांत अतिस्थूल व अतिकृश यांचा विचार विस्तारानें केलेला आहे. स्थूलाला अल्पायुष्य, धाप, घाम, भूक-तहान यांचा अतिरेक इत्यादि दोष सांगून चरकानें उपचाराचें जें सूत्र दिलें आहे तें फार मार्मिक आहे: स्थूलाला कृश करावयाचें तर अन्न पचावयास जड पण पोषणांत हलकें असावें. म्हणजे पोट भरावें, पण देहांत साठूं नये. पुढें जी यादी दिली आहे तींत जव, सांवा, कोद्रू, मूग, कुळीथ, ताक, मध अशा वस्तु येतात. गाजर त्यांत नाहीं. चरकाचें सूत्र आणि आजच्या विज्ञानाचें गाजर यांची गांठ आम्ही खालीं घालणार आहों; पण ती गांठ आमची आहे, चरकाची नव्हे, हें आधींच सांगून ठेवतों. भावमिश्राच्या मतें तर गाजर पचावयास हलकें, म्हणजे त्या सूत्राच्या अर्ध्या भागांत न बसणारें.

परंतु मेद घटविण्याची चिंता ही फार थोड्यांची चिंता होती. बाकीच्यांना अंग भरण्याचीच आस. मूल 'बाळसेदार' असावें, सून 'अंगानें भरलेली' असावी, खाल्लेलें 'अंगीं लागावें', असेंच आपली भाषा म्हणते. पहिल्या महायुद्धानंतरच्या दशकांत निलगिरींतील कुन्नूर येथें रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनीं उंदरांवर जे प्रसिद्ध प्रयोग केले त्यांची कसोटीहि हीच होती. हिंदुस्थानांतील निरनिराळ्या लोकांचे आहार त्यांनीं सारख्या वयाच्या उंदरांना देऊन पाहिले आणि वजनें घेतलीं. शीख आहाराचे उंदीर पहिले, पठाणी दुसरे, आणि मराठ्यांच्या आहाराचे तिसरे. शेवटचा क्रम मद्रासी आहाराचा. आमच्या आहाराचा उंदीर तिसरा आला याचा अभिमान धरावा कीं खेद, तें वाचकांनीं ठरवावें! शीख धर्तीच्या ज्या आहारावर त्यांनीं आपल्या निरोगी उंदरांचा सांठा पोसला, त्यांत सबंध गव्हाची चपाती, लोणी, दूध, मोड आलेले हरभरे आणि कधींमधीं मांस यांच्या बरोबरीनें कच्ची कोबी व कच्चीं गाजरें होतीं. म्हणजे त्या काळच्या विज्ञानाच्या दरबारांत गाजर आलें तें वजन वाढविणाऱ्या मंडळींच्या पंक्तींतून. शंभर वर्षांत प्रश्न उलटा झाला. गाजर तेंच आहे.

त्याच्या पिंवळ्या द्रव्याची कथा तोंवर बरीच पुढें गेली होती. १८३१ सालीं वाकेनरोडर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें गाजरांतून एक रंगीत द्रव्य वेगळें केलें आणि गाजराच्या लॅटिन नांवावरून त्याला कॅरोटीन म्हटलें. १९१३ त अमेरिकेंत मॅकॉलम व डेव्हिस यांनीं लोण्यांत व अंड्यांत वाढीस आवश्यक असा एक स्निग्ध अंश आहे असें दाखविलें. तेंच पुढें 'अ' जीवनसत्त्व. या दोहोंचा संबंध काय, हें कोडें १९३० सालीं केंब्रिजच्या टॉमस मूर यांनीं सोडविलें: प्राण्याच्या देहांत कॅरोटीनचेंच 'अ' जीवनसत्त्व होतें. पॉल कारर यांनीं दोन्ही द्रव्यांची घटना उलगडली आणि त्यांस १९३७ त नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच सुमारास कुन्नूरच्या प्रयोगशाळेचे नवे संचालक एक्रॉइड यांनीं हिंदी अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचें पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि तेव्हांपासून शाळेच्या पुस्तकांतहि 'गाजरांत अ जीवनसत्त्व' हें वाक्य कायमचें जाऊन बसलें.

मग दुसरें महायुद्ध आलें आणि स्तुतीचा अतिरेक झाला. ब्रिटनमध्यें गाजराचें पीक मुबलक आणि साखरेला रेशन. तेव्हां अन्नखात्यानें 'डॉक्टर गाजर' नांवाचें एक चित्र काढून घरोघर त्याचा प्रचार केला. रात्रीं शत्रूचीं विमानें पाडणारा जॉन कनिंगहॅम हा वैमानिक अंधारांत मांजरासारखा पाहतो, आणि त्याचें रहस्य गाजर, असें वर्तमानपत्रांनीं छापलें. खरें रहस्य विमानांत बसविलेल्या रडार यंत्राचें होतें. शत्रूला फसविण्यासाठींच ही थाप मुद्दाम रचली असें आतां सांगतात, पण त्याचीं कागदपत्रें भक्कम नाहींत. शत्रु फसला कीं नाहीं कोण जाणे, जग मात्र फसलें. ज्याच्या देहांत 'अ' जीवनसत्त्वाची उणीव आहे त्याचा रातांधळेपणा गाजरासारख्या अन्नानें दूर होऊं शकतो. ज्याला उणीव नाहीं त्याची दृष्टि गाजराच्या राशीनें तीळभरहि वाढत नाहीं, आणि चष्मा तर कोणाचाहि सुटत नाहीं. फार खाल्लें तर तळहात पिंवळे होतात. तें निरुपद्रवी असतें, पण काविळीच्या शंकेनें घर हादरतें.

अतिस्तुतीनंतर निंदेची पाळी. १९८१ सालीं टोरांटो येथील डेव्हिड जेन्किन्स यांनीं निरनिराळे पदार्थ रक्तांतील साखर किती झपाट्यानें वाढवितात याचें एक कोष्टक प्रसिद्ध केलें. ग्लूकोजला १०० धरलें, तर त्यांत गाजराला ९२ गुण पडले. झालें! मधुमेह्यांच्या ताटांतून गाजर हद्दपार झालें. पुढें इतरांनीं मोजमाप केलें तेव्हां तो आंकडा निम्म्याहूनहि खालीं आला. शिवाय त्या कोष्टकाची रीतच अशी कीं, ज्यांत पन्नास ग्रॅम पिष्ट-शर्करा भरेल इतका पदार्थ धरावयाचा; आणि गाजर त्या हिशेबानें पाऊण किलोच्या आसपास खावें लागेल. इतकें गाजर माणूस एका बैठकींत खात नाहीं, घोडा खातो. कोष्टक सुधारलें, पण आजोबांच्या ताटांत गाजर अद्याप परत आलें नाहीं. छापलेली निंदा पुसावयास छापलेली दुरुस्ती पुरत नाहीं, हा अनुभव केवळ गाजराचा नाहीं.

आतां वजनाचा मुख्य प्रश्न. शंभर ग्रॅम कच्च्या गाजरांत सुमारे अठ्ठ्याऐंशी ग्रॅम पाणी, पावणेतीन ग्रॅमांच्या आसपास तंतुमय भाग, आणि सारे मिळून सुमारे चाळीस कॅलरी उष्णता असते. येथें चरकाचें सूत्र आठवतें: जागा पुष्कळ व्यापावी, पोषण थोडें द्यावें. २००६ सालीं ब्रिटनमधील एका पोषणविषयक नियतकालिकांत गाजरावर नेमका असाच एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एकाच प्रकारच्या जेवणांत कांहीं वेळां सबंध गाजर, कांहीं वेळां वाटलेलें गाजर, आणि कांहीं वेळां गाजराऐवजीं त्यांतील पोषक द्रव्यें तेवढीं घातलीं. गाजर सबंध असो वा वाटलेलें, तें असलेल्या जेवणानें तृप्ति अधिक झाली. आणि ज्यांनीं सबंध गाजर खाल्लें त्यांनीं उरलेल्या दिवसांत सर्वांत कमी खाल्लें. गुण केवळ द्रव्यांत नव्हता, चावण्यांत आणि घडणींत होता. हें समजलें म्हणजे सकाळच्या रसाचा हिशेब आपोआप होतो. रसांत गाजराची साखर येते, रंग येतो. चोथा, म्हणजे जो भाग पोट भरतो तो, गाळणींत राहून टाकला जातो. चार गाजरें चावून खाणाराला अर्धा तास लागेल आणि तो पांचवें मागणार नाहीं. चार गाजरांचा रस दोन घोटांत संपतो आणि वर इडली खावयास जागा उरते.

तेव्हां गाजर वजन उतरवितें काय? गाजर कांहींहि उतरवीत नाहीं. त्याच्या अंगीं मेद जाळणारें कोणतेंहि द्रव्य नाहीं. दुपारच्या जेवणापूर्वीं वाटीभर गाजराची कोशिंबीर खाऊन ज्याची एक पोळी कमी झाली, त्याच्या बाबतींत वजन उतरविलें तें त्या न खाल्लेल्या पोळीनें. आणि ज्यानें कोशिंबीर खाऊन पोळ्या तितक्याच खाल्ल्या, त्याच्या पोटांत चाळीस कॅलरींची भर पडली. हलव्याविषयीं काय लिहावें? एका मोठ्या चमचाभर तुपांत, म्हणजे पंधरा ग्रॅमांत, जितकी उष्णता आहे तितकी सव्वातीनशें ग्रॅम गाजरांत असते. खवा व साखर अजून हिशेबांत धरलीं नाहींत. हलवा खावा; तो उत्तम पदार्थ आहे; फक्त गाजराच्या नांवावर त्याचा खर्च लिहूं नये.

याच्या उलट्या टोंकाचेंहि एक वेड आहे. तूप-तेलाचा थेंब वर्ज्य करून नुसतें कच्चें गाजर खाणारांना वाटतें कीं आपण त्याचा सर्व लाभ पदरांत पाडून घेतला. कॅरोटीन स्निग्धांत विरघळतें, पाण्यांत नव्हे. थोडा स्नेह असल्यावांचून आणि शिजवून किंवा बारीक करून मुळाच्या पेशी फुटल्यावांचून त्याचा बराच भाग देहाला न मिळतांच बाहेर जातो. या दृष्टीनें भोगीची ती भाजी पुन्हां पाहावी: शिजलेलें गाजर, शेंगदाणे, तिळाचा कूट, जोडीला लोणी. दाण्याचा कूट आणि फोडणी घातलेली कोशिंबीरहि तशीच. आमच्या आज्यांना कॅरोटीन ठाऊक होतें असें म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. आम्हांला तो होत नाहीं. त्यांना थंडींत तीळ आणि लोणी गोड लागतें हें ठाऊक होतें. रुचि आणि हित यांची अशी गांठ दर वेळीं पडत नाहीं. येथें पडली, एवढेंच.

मुळापासून द्रव्य वेगळें काढून गोळी करावी, ही कल्पनाहि करून पाहून झाली आहे. फिनलंडमध्यें धूम्रपान करणाऱ्या हजारों पुरुषांना कॅरोटीनच्या गोळ्या कर्करोग टळावा म्हणून वर्षानुवर्षें दिल्या. १९९४ सालीं निकाल आला तो असा कीं गोळी घेणारांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी न होतां वाढला. अमेरिकेंतला तसाच एक प्रयोग १९९६ त मुदतीपूर्वींच थांबवावा लागला. गाजर खाण्यानें असें झाल्याचा दाखला नाहीं.

स्थूलतेच्या चर्चेंत एक गोष्ट आम्हांस टोंचत राहते, ती सांगितलीच पाहिजे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांतील सुमारे पंचमांश स्त्रिया प्रमाणाहून कृश आहेत, आणि त्याहून किंचित् अधिक प्रमाणाहून स्थूल. चरकानें एकाच अध्यायांत शेजारीं बसविलेले दोन देह आज एकाच जिल्ह्यांत, कधीं एकाच आळींत राहतात. आणि गाजराची टोपली दोघींच्या दारावरून जाते. एकीला तें पोळीच्या जागीं खावयाचें आहे, दुसरीला पोळीबरोबर. बालकांच्या अंधत्वाचें भय इतकें मोठें होतें कीं १९७० सालीं सरकारनें लहान मुलांना दर सहा महिन्यांनीं 'अ' जीवनसत्त्वाचा मोठा डोस पाजण्याची योजना सुरू केली, आणि आज तो नऊ महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंतच्या मुलांना अंगणवाडींत मिळतो. भाजीपाल्यावरच हें काम भागेल अशी पुष्कळांची आशा होती. पण १९९५ सालीं इंडोनेशियांतील बायकांवर झालेल्या एका प्रयोगांत हिरव्या पालेभाज्यांपासून अपेक्षेइतका लाभ दिसला नाहीं, आणि २००१ त अमेरिकेच्या वैद्यकसंस्थेनें अन्नांतल्या कॅरोटीनची किंमत पूर्वीच्या निम्म्यावर आणली: जेथें सहा भागांचा एक भाग धरीत तेथें बारांचा एक. म्हणून ज्या घरांत तेलाचा थेंबहि मोजून पडतो, तेथील मुलाला 'गाजर खा' एवढा उपदेश पुरत नाहीं. त्याच्या पानांत गाजराबरोबर तेल, दूध, अंडें यांपैकीं कांहीं पडावें लागतें, आणि तोंवर अंगणवाडींतल्या त्या चमच्याची वेळ चुकवून भागत नाहीं.

तेल तर पुढची गोष्ट; गाजर तरी तेथें कधीं पोंचतें? माघ उतरूं लागला म्हणजे गोदाकांठीं लाल गाजराचा भाव पडतो; मधला दांडा निबर होतो, गोडी उतरते, आणि उरलेला माल गुरांपुढें जातो. पूर्वेकडे, येवलें-नांदगांवच्या कोरडवाहू गांवांत, पौषांतहि तें फारसें पिकत नाहीं. तेथें तें बाजाराच्या दिवशीं विकत आणावें लागतें, आणि संक्रांतीच्या सुगडापुरतें तरी आणतातच.